लस टोचली, पण लागू पडली का?



"साहेब, लस तर टोचली होती, मग कोंबड्या मेल्या कशा?" हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, खुराड्यात शिरला की पाखरू मान वाकडी करते, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. अंड्यांच्या पैशावर मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या भागवणाऱ्या घराला हा फटका मोठाच.

लस टोचणे वेगळे आणि ती लागू पडणे वेगळे. लस लागू पडली की पाखराच्या रक्तात रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रयोगशाळेत मोजता येतात. त्या चाचणीला एच.आय. चाचणी म्हणतात.

तिची युक्ती सोपी आहे. राणीखेतचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो. असा गुण इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत असल्याचे अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी 1941 साली दाखवले, आणि त्यावरच ही चाचणी उभी राहिली. रक्त गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी म्हणजे रक्तजल. ताकात पाणी घालून ते निम्म्याने पातळ करत जावे, तसे हे रक्तजल बारीक खळग्यांच्या ताटलीत 2 पट, 4 पट, 8 पट, 16 पट असे पातळ करत जातात. प्रत्येक खळग्यात ठरावीक विषाणू घालून अर्धा तास थांबतात, मग रक्तपेशी घालतात. प्रतिपिंडे पुरेशी असली तर ती विषाणूला अडवतात आणि रक्तपेशी तळाशी लाल बटणासारख्या बसतात. नसली तर त्या तळभर पसरतात. ज्या शेवटच्या खळग्यात बटण दिसले, तो आकडा म्हणजे त्या पाखराचा टायटर.

साधारणपणे 16 किंवा त्याहून जास्त टायटर आला तर प्रतिपिंडे आहेत असे धरतात. निम्म्या पाखरांचे आकडे चांगले आणि निम्म्यांचे शून्य आले, तर काही पाखरांपर्यंत लस पोचलीच नाही किंवा ती वाटेत बिघडली, असे समजावे. मात्र रोगातून उठलेल्या पाखराचाही टायटर चढतो. म्हणून लस केव्हा दिली, रोग येऊन गेला का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

पोपटांनाही हा रोग होतो. 1971 ते 1973 या काळात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोठी साथ आली. आयात केलेल्या पोपटांसारख्या पिंजऱ्यातल्या पाखरांशी तिचा संबंध जोडला गेला आणि सुमारे 1 कोटी 20 लक्ष पाखरे नष्ट करावी लागली. कोंबडीसाठी बनवलेले एलायझा चाचणीचे संच पोपटाची प्रतिपिंडे नीट ओळखतीलच असे नाही. एच.आय. चाचणी मात्र थोडी जादा काळजी घेऊन दोघांनाही चालते. आपल्याकडचा रानपोपट धरणे वा पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा त्याला पिंजऱ्यात आणून खुराड्याशेजारी टांगू नका.

आता ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

1. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वन लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात द्या. आर.टू.बी. लस 6 ते 8 आठवड्यांनी टोचून घ्या. ती लहान पिलांना देऊ नका.
2. लस बर्फात आणा. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात पिशवीतून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. कालवलेली लस तास-दोन तासांत संपवा, उरलेली उद्यासाठी ठेवू नका.
3. आजारी पाखरांना लस टोचू नका.
4. लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनी कळपातल्या दहा-बारा पाखरांचे रक्त पशुवैद्यकांकडून पंखाखालच्या शिरेतून काढून घ्या. रक्त न हलवता गोठू द्यावे आणि रक्तजल वेगळे करून बर्फातून पाठवावे.

नमुना कुठे पाठवायचा हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

पेरल्यावर उगवण बघायला आपण शेतात जातोच ना? तशीच लसीचीही उगवण बघा.