धमनीचे अस्तर : नुसता पाइप नव्हे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



धमन्यांवर बोलायला डॉक्टर सोडून रेल्वेचा इंजिनिअर का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी डिप्लोमा झालेला माणूस. डब्यांचे ब्रेक, पाइप आणि झडपा यांतच नोकरीची वर्षे गेली. रक्ताभिसरण हेही पंप, पाइप आणि दाबाचेच काम आहे, म्हणून हे धाडस.

आधी पाइपाचा एक नियम सांगतो. दाब तोच ठेवून अरुंद पाइपाची त्रिज्या निम्मी केली, तर संथ प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. उलट त्रिज्या २० टक्के वाढली तरी प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे धमनी जराशी सैल किंवा घट्ट झाली तरी केवढा फरक!

हे सैल-घट्ट करतात भिंतीतले स्नायू. त्यांच्या आत, रक्ताला लागून, एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. पूर्वी ते नुसते गुळगुळीत अस्तर मानले जाई.

न्यूयॉर्कचे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य घातले की कधी पट्टी आकुंचन पावे, कधी सैल पडे. कारण निघाले साधे. पट्टी तयार करताना आतली बाजू घासली गेली की अस्तर निघून जाई, आणि अशी पट्टी सैल पडतच नसे. १९८० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. सैल पडण्याचा हुकूम अस्तराकडून येतो!

आमच्या एअर ब्रेकमध्ये प्रत्येक डब्याला स्वतःची डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह असते. पाइपातला दाब ओळखून ती त्या डब्याचा ब्रेक लावते किंवा सोडते. अस्तराचे काम तसेच, जागच्या जागी. रक्त जोरात वाहू लागले की त्याचे घर्षण पेशींना कळते. त्या आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड वायू बनवतात. तो शेजारच्या स्नायूत शिरतो, तिथले कॅल्शियम कमी होते आणि स्नायू सैल पडतो. वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून तो सतत बनवावा लागतो. उलट काम करणारे, म्हणजे धमनी आवळणारे एंडोथेलिन हे द्रव्यही हेच अस्तर बनवते. ते १९८८ साली जपानमध्ये सापडले.

आता गंमत पाहा. आपल्या खमरियाच्या फॅक्टरीमुळे जबलपूरकरांना स्फोटके नवीन नाहीत. डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरीन शंभराहून अधिक वर्षे छातीच्या दुखण्यावर दिले जाते. खुद्द आल्फ्रेड नोबेल यांनाही ते सुचवले होते. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते, हे फेरिद मुराद यांनी १९७७ साली दाखवले. घरोघरी ठाऊक असलेली जिभेखालची सॉर्बिट्रेट त्याच जातीची. १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, मुराद आणि लुईस इग्नारो यांना मिळाले.

पण मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. १९८६ साली अमेरिकेत काही रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांत तेच ॲसिटिलकोलीन सोडून पाहिले. निरोगी धमन्या सैल पडल्या. चरबी साचू लागलेल्या मात्र आवळल्या. अडथळा अगदी किरकोळ होता तिथेही! म्हणजे पाइप चोंदण्याच्या कितीतरी आधी व्हॉल्व्ह बिघडलेली असते, आणि तेव्हा छातीत दुखतही नसते.

जिभेखालची गोळी बाहेरून तो वायू पुरवते, अस्तराची दुरुस्ती करत नाही. ती डॉक्टरांनी दिली असेल तरच आणि बसून घ्यावी, कारण दाब उतरून चक्कर येते. दुखणे थांबले नाही तर ताबडतोब इस्पितळ गाठावे.

अस्तराचे शत्रू आपल्या ओळखीचेच आहेत : बिडी-सिगारेट, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल. मित्रही ओळखीचाच : रोजचे झपाझप चालणे. चालताना प्रवाह वाढतो, अस्तर घासले जाते आणि ते वायू बनवण्याची सवय टिकवते. भंवरताल बागेत रोज अर्धा तास चालावे.

आम्ही रेल्वेत गाडी थांबल्यावर नव्हे, सुटण्यापूर्वी ब्रेक तपासतो. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने दाब आणि साखर तशीच, काही होत नसतानाच तपासून घ्यावी, एवढीच विनंती.