बांधाच्या आतला गाळ

(राळेगणसिद्धी येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



समुद्रातल्या प्लास्टिकवर बोलायचे ठरले, तेव्हा तुमच्याच गावातल्या एका तरुणाने मला विचारले, "सर, पारनेर तालुक्याला समुद्र कुठला?" प्रश्न रास्त आहे. पण या शिवारातले पाणी ओढ्याला लागले की घोड नदीकडे जाते. घोड भीमेला मिळते. भीमा उजनीत थांबते, पंढरपुरात चंद्रभागा होते, पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात उतरते. आपल्या ओढ्यात टाकलेली पिशवी हीच वाट धरते.

२०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा शास्त्रज्ञांचा अंदाज ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा आहे. त्यात फक्त किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आतली वस्ती धरली आहे. म्हणजे आपण, भीमेच्या खोऱ्यातली माणसे, त्या हिशेबात नाहीच. मला याची रुखरुख लागते. हिशेबात नसलेल्याला वाटते, आपले काही देणे नाही.

तिकडे समुद्रात काय होते ते थोडक्यात सांगतो. रत्नागिरीत वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालते. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते आणि पोट भरल्यासारखे होऊन उपाशी मरते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली, लोक जोडले गेले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिथे कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पुन्हा दिसली. श्रमदानाचे मोल राळेगणला मी काय सांगावे!

आता माझ्या कामाचे सांगतो. पाणलोटात माझी पंचवीस वर्षे गेली. तीन उन्हाळ्यांपूर्वी एका गावी, गाव सांगत नाही, आम्ही नालाबांधातला गाळ काढत होतो. मी मूठभर गाळ उचलून चुरला. वाळून तडकलेली छान काळी माती, आणि तिच्यात नखाएवढे चंदेरी तुकडे. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळे. मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद. वरच्या रानातल्या टोमॅटोचा, कलिंगडाचा. गुटख्याच्या पुड्या होत्या, शाम्पूच्या होत्या, पण सगळ्यात जास्त तो कागदच. बांधाने पाणी अडवले, पाणी मुरले. हे मुरणारे नव्हते, ते राहिले.

तो कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो. तण दबते, ओल टिकते, पाणी वाचते. शेतकऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण हंगामभर ऊन खाल्ले की तो कुरकुरीत होतो, ओढला की हातात चिंध्या येतात, उरलेला रोटाव्हेटरखाली जातो. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक झाला की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, आणि मग तो वेचणे माणसाच्या हातात राहत नाही. राज्याने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, तीत शेती आणि रोपवाटिकेच्या काही प्लास्टिकला सूट दिली. सूट समजण्यासारखी आहे. वापरून झालेला कागद परत घेणार कोण, हे मात्र गावोगाव अधांतरीच आहे. मग तो बांधावर पेटवतात, धूर घरात येतो, किंवा ओढ्यात लोटतात.

आणि यातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट ही, की तो गाळ आपण ट्रॉलीने परत शेतात टाकतो. सोने म्हणून टाकतो, आणि आहेच तो सोने. पण त्याबरोबर ते तुकडेही शेतात पसरतात. एका पावसाने आणलेले आपण पुन्हा माथ्यावर नेऊन ठेवतो. पुढच्या पावसाला ते वाहून न्यायला तयार.

१९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गावाला सोबत घेऊन गळका पाझर तलाव दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी लागले, हे तुम्ही पाहिलेय, निदान घरात ऐकलेय. त्या कामाचा क्रम माथा ते पायथा असा होता. प्लास्टिकचाही तोच ठेवावा लागेल. कागद काढायचा तो पीक निघताच, ओल असताना, तुटायच्या आत. गुंडाळून गोणीत भरायचा. ग्रामपंचायतीने एक कोरडी खोली द्यावी, गोण्या तिथे साठाव्यात, ट्रकभर झाल्या की पुनर्वापर करणाऱ्याकडे जाव्यात. दुकानदाराकडून कागद घेतानाच, जुना परत घेणार का, हे विचारावे. दहा गावांनी विचारले तर त्याला उत्तर शोधावे लागेल.

गाळ काढायला अजून तीन आठवडे आहेत. त्याआधी एका सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगापासून प्लास्टिक वेचत चालत येऊ. गोण्या मी आणतो, बारीक तुकड्यांसाठी चाळण्या तुम्ही आणा.