झाकण उघडता येणारे यंत्र



हा निळा बोर्ड हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. काडेपेटीत मावेल एवढा आहे. नाव आर्डुइनो नॅनो. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हे काय काढले, असे कुणी म्हणेल. त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने जमिनीतली ओल मोजणारे तयार यंत्र घेतले. एक हंगाम चालले, मग मोबाइलवर आकडा येईना. विकणारा फोन उचलीना. डबा फोडला तर आत सगळे राळेत बुडवून घट्ट केलेले. पैसे आमचे, शेत आमचे, आणि आत काय बिघडले ते बघायची सोय नाही.

आर्डुइनोचे उलट आहे. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी तो निघाला, तोही इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी. आराखडा खुला ठेवला. कुणीही तसा बोर्ड बनवावा, विकावा. फक्त त्यांचे नाव लावू नये. 2019 साली अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी बंदीची कपाशी उघडपणे पेरली, ती तंत्रज्ञान वापरण्याच्या स्वातंत्र्यासाठी. उघडून बघण्याचे आणि दुरुस्त करण्याचे स्वातंत्र्य ही त्याच्या पुढची पायरी, असे आम्ही मानतो.

काम साधे आहे. याच्या आठ पिना विजेचा दाब वाचतात आणि 0 ते 1023 यांमधला आकडा देतात. बाकीच्या काही पिना चालू-बंद करतात. केव्हा काय करायचे ते कॉम्प्युटरवर लिहून यूएसबीच्या वायरीने आत घालायचे. चुकले तर पुसून पुन्हा. दहावीतली पोरगी आठवड्यात दिवा लावायला शिकते.

पण आकडा म्हणजे ओल नव्हे. इथे आम्ही फसलो. दोन दात्यांची स्वस्त सळई कपाशीत खोचली. काळी जमीन वाळली, भेग पडली, सळई भेगेत लोंबकळली आणि बोर्ड सांगू लागला की रान कोरडे ठाक. फूटभर खाली हात घातला तर ओल होती! शिवाय सळईत सतत वीज खेळल्याने दाते गंजून गेले. आता वाचण्यापुरतीच वीज देतो. आणि आकड्याशेजारी खरी ओल लिहितो: त्याच जागेची माती वजन करायची, 105 अंशांवर 24 तास वाळवायची, पुन्हा वजन करायचे. मुरमाड रानाचा हिशेब काळीला लागू नाही. भारी काळीत ओल असूनही पिकाला ती ओढता येत नाही, हे मुठीत माती धरून वाफसा ओळखणाऱ्याला आम्ही काय सांगावे?

बोर्डाने पाऊस पडणार नाही. मात्र रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते; पेरणीआधी एक, दोन, तीन फुटांवर किती ओल आहे हे कळले तर बियाणे-खताचा खर्च किती करायचा ते ठरवता येते.

विहीरवाल्यांना एकच ताकीद. पिन जास्तीत जास्त 40 मिलिअँपिअर सोसते. मोटार तिला थेट जोडायची नाही. मध्ये रिले हवा, आणि स्टार्टरचे काम वायरमनकडूनच.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या रानाची तीन खोलींवरची माती झाकणाच्या डब्यांत आणावी. वजनकाटा आम्ही आणतो.