मुलाने विचारलं तर काय सांगाल?

(‘मूनलाइट’ हा चित्रपट दाखवल्यानंतर अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आत्ताच आपण सगळ्यांनी ‘मूनलाइट’ पाहिला. मी चित्रपट समीक्षक नाही, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कॅमेरा, संगीत यांवर जाणकारीने बोलणं मला जमणार नाही. हा चित्रपट मी सुचवला तेव्हा आपल्यातल्या दोन-तीन ज्येष्ठांनी विचारलं होतं, ‘अमेरिकेतल्या एका काळ्या मुलाची गोष्ट, तीही मुलाच्या मुलावरच्या प्रेमाची, आपल्या अभ्यासवर्गात कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर द्यायचा मी आज प्रयत्न करणार आहे.

आधी थोडी माहिती. चित्रपट २०१६ चा. दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स. मूळ लेखन टॅरेल ॲल्विन मॅक्रेनी यांचं. दोघेही मायामी शहरातल्या लिबर्टी सिटी या गरीब, काळ्या वस्तीत वाढले, पण लहानपणी त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. दोघांच्याही आईला क्रॅक कोकेनचं व्यसन होतं. म्हणजे पडद्यावर जी पॉला दिसते, ती या दोघांच्या घरातून आलेली आहे. मॅक्रेनी समलिंगी आहेत, जेन्किन्स नाहीत, आणि तरीही दोघांना ही गोष्ट आपली वाटली. अवघ्या २५ दिवसांत चित्रीकरण झालं. २०१७ च्या फेब्रुवारीत ऑस्करच्या मंचावर आधी चुकून ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं, मग चूक दुरुस्त झाली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार ‘मूनलाइट’ला मिळाला. तो गोंधळ पुष्कळांना आठवतो. त्याच रात्री या चित्रपटाला आणखी दोन ऑस्कर मिळाली, आणि त्यातल्या एकाविषयी मी पुढे बोलणार आहे.

गोष्टीचे तीन भाग आहेत आणि तिन्हींना एकाच मुलाची तीन नावं आहेत. लहानपणी तो ‘लिटल’. हे नाव वस्तीतल्या पोरांनी ठेवलेलं. सोळाव्या वर्षी ‘शायरोन’, म्हणजे त्याचं खरं नाव. मोठेपणी ‘ब्लॅक’. हे नाव केविनने दिलेलं, ज्याच्यावर त्याचं प्रेम आहे. तीन वेगवेगळ्या नटांनी हे तीन भाग केलेत, आणि एकमेकांची नक्कल होऊ नये म्हणून दिग्दर्शकाने चित्रीकरणाच्या काळात त्यांना एकमेकांना भेटू दिलं नव्हतं.

आता मुद्द्याकडे येतो. हा चित्रपट पहिल्या प्रेमाचा आहे, पण प्रेम मध्यावर येतं. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच प्रसंगात, लिटल जीव घेऊन पळतोय आणि मागे पोरांची टोळी शिवी देत धावतेय. तो जेमतेम नऊ-दहा वर्षांचा आहे. त्याला अजून कुणी आवडलेलं नाही. त्या शिवीचा अर्थही त्याला ठाऊक नाही. थोडक्यात, शब्द आधी आला आणि भावना सात-आठ वर्षांनी आली.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये काही रकाने आधीच भरलेले असतात. फॉर्म उघडणारा माणूस सहसा ते बदलत नाही, मुकाट्याने पुढे जातो. या मुलाच्या आयुष्यात ‘मी कोण’ हा रकाना त्याच्या हाती पडण्याआधीच दुसऱ्यांनी भरून ठेवला होता, आणि तोही शिवीने. पुढे खरोखरच एक मुलगा आवडला तेव्हा ती भावना त्याला कोरी, स्वच्छ मिळालीच नाही. तिच्यावर आधीपासून चिखल होता.

आता जेवणाच्या टेबलावरचा तो प्रसंग आठवा. हुआन आणि टेरेसा यांच्या घरी लिटल बसलाय. मान खाली. तो ती शिवी उच्चारतो आणि विचारतो, याचा अर्थ काय? हुआन क्षणभर गप्प होतो. मग सांगतो की समलिंगी माणसांना वाईट वाटावं म्हणून लोक हा शब्द वापरतात. मुलगा विचारतो, मी तसा आहे का? हुआन म्हणतो, तू समलिंगी असू शकतोस, पण त्या शब्दाने तुला कुणी हाक मारावी हे तू खपवून घ्यायचं कारण नाही. मला कसं कळणार, असं मुलगा विचारतो. वेळ आली की कळेल, आत्ताच कळायला हवं असं नाही, असं ते दोघे त्याला समजावतात.

या उत्तरात तीन गोष्टी आहेत. एक, शिवी आणि माणूस वेगळे केले. दोन, शक्यता नाकारली नाही आणि लादलीही नाही. तीन, मुलाला वेळ दिला. हे उत्तर द्यायला पाच वाक्यं लागली. मानसशास्त्राची पदवी लागली नाही.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि मला वाटतं हा चित्रपट मोठा होतो तो इथे. मुलगा विचारतो, तुम्ही ड्रग्ज विकता ना? माझी आई ड्रग्ज घेते ना? हुआन मान खाली घालून हो म्हणतो. मुलगा उठून निघून जातो. ज्या माणसाने त्याला पाण्यावर तरंगायला शिकवलं, त्याच माणसाच्या धंद्याने त्याची आई संपत चालली आहे. योग्य उत्तर देणारा माणूस स्वच्छ नव्हता. त्याच्या आयुष्यात कितीतरी गोष्टी सुटलेल्या नव्हत्या. तरीही मुलाने विचारलेल्या एका प्रश्नाचं खरं उत्तर त्याने दिलं. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी मी याकडे परत येणार आहे.

दुसऱ्या भागात समुद्रकिनाऱ्यावर रात्री शायरोन आणि केविन वाळूत बसलेले असतात. वारा येतो, दोघे थोडं बोलतात, पहिल्यांदा एकमेकांना स्पर्श करतात. शायरोन माफी मागतो, आणि केविन विचारतो, माफी कशाबद्दल? सोळा वर्षांचं पोर, पहिलं प्रेम, आणि तोंडातून निघते ती माफी. त्यानंतर शाळेत टेरेल नावाचा दांडगट मुलगा केविनला भरीला घालतो, मी दाखवीन त्याला मार. केविन घाबरतो आणि शायरोनच्या तोंडावर ठोसा मारतो. खाली पड, उठू नकोस, असं तो हळूच विनवतो. शायरोन पुन्हा पुन्हा उठून उभा राहतो. मग बाकीचे लाथांनी तुडवतात.

इथे केविनकडे नीट पाहा. तोही त्या शिवीला घाबरलेला आहे. मारलं नाही तर उद्या ती आपल्याला लागू होईल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे एका शब्दाने दोन मुलांचं नुकसान केलं. एकाला मार खावा लागला आणि दुसऱ्याला मारावं लागलं. नंतर शाळेतल्या बाई शायरोनला सांगतात, मारणाऱ्यांची नावं दे. तो देत नाही. तुम्हाला काही कळत नाही, असं म्हणून रडतो. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन टेरेलच्या पाठीत खुर्ची घालतो, आणि पोलीस त्याला घेऊन जातात. इतकी वर्षं छळ होत असताना जी व्यवस्था जागी झाली नाही, ती त्याने एकदा हात उगारल्यावर पाच मिनिटांत हजर झाली.

तिसऱ्या भागात तो पिळदार शरीराचा, सोन्याच्या दातांचा माणूस झालाय आणि हुआनसारखाच ड्रग्ज विकतो. आता त्याला शिवी द्यायची कुणाची हिंमत नाही. पण त्यासाठी त्याने स्वतःला पूर्ण बंद करून घेतलंय. केविनचा फोन येतो, तो गाडी काढून मायामीला जातो, केविन त्याला स्वतःच्या हाताने जेवण करून वाढतो. तुझ्यानंतर मला कुणीच स्पर्श केलेला नाही, असं तो शेवटी सांगतो. एवढा धिप्पाड माणूस, आणि हे एक वाक्य उच्चारायला त्याला दहा वर्षं लागली.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे आठवीत एक मुलगा होता. आवाज बारीक, अक्षर मोत्यासारखं, कबड्डीत रस नाही. त्याला सगळे ‘बायल्या’ म्हणत. हजेरी घेताना एक सरही कधीमधी आवाज बारीक करून त्याचं नाव घ्यायचे आणि वर्ग खो खो हसायचा. तो समलिंगी होता का, हा प्रश्नच नव्हता. आवाज बारीक होता, एवढं पुरेसं होतं. दहावीच्या आधी तो शाळा सोडून गेला. त्याच वर्गात भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा तीन-चार मुलांना ‘काय रे पाकिस्तानी’ अशी हाक यायची. आम्ही क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने होतो, हे कुणी विचारलेलं नसायचं. तो रकानाही आधीच भरलेला होता.

म्हणून मी म्हणतो, ही गोष्ट आपल्याला समजायला अवघड नाही. ‘तू कोण आहेस ते आम्ही ठरवलंय’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ज्याने ते ऐकलंय, त्याने ते दुसऱ्याला ऐकवू नये, एवढी साधी ही बाब आहे.

आता त्या दुसऱ्या ऑस्करविषयी. हुआनची भूमिका करणारे महर्शाला अली यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारे ते पहिले मुस्लिम नट. त्याआधी २९ जानेवारी २०१७ ला अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेच्या पुरस्कार समारंभात ते बोलले होते. दोनच दिवसांपूर्वी ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली होती. अली जे म्हणाले त्याचा आशय असा : माणसाचा छळ केला की तो स्वतःच्या आत मिटत जातो. हुआनने एका मुलाला असं मिटताना पाहिलं आणि तू मोलाचा आहेस असं त्याला सांगितलं. पुढे त्यांनी आपल्या आईविषयी सांगितलं. आई ख्रिस्ती धर्मोपदेशक, मुलगा मुसलमान झाला. तिला आनंद झाला नव्हता. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि प्रेम वाढत गेलं.

गोष्ट इथे संपत नाही. अली अहमदिया जमातीचे आहेत. ऑस्कर मिळाल्यावर संयुक्त राष्ट्रांतल्या पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी त्यांचं अभिनंदन करणारं ट्वीट केलं आणि नंतर काढून टाकलं. कारण १९७४ च्या घटनादुरुस्तीने पाकिस्तानने अहमदियांना मुस्लिमेतर ठरवलेलं आहे. तू कोण आहेस हे दुसऱ्याला ठरवू देऊ नकोस, असं पडद्यावर लहान मुलाला सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीतही दुसऱ्यांनी ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं.

आता आक्षेपाकडे येतो. काही जण म्हणतील, धर्मात याला परवानगी नाही. मी आलिम नाही आणि तो वाद मी इथे मिटवणार नाही. मी एवढंच विचारतो की दस्तरखानावर बसलेल्या मुलाने शिवीचा अर्थ विचारला तर तो फतवा मागतोय का? तो विचारतोय, ‘लोक मला असं का म्हणतात, आणि तुम्हीही म्हणणार का?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला सगळे धार्मिक प्रश्न सुटलेले असावे लागत नाहीत. हुआनचे तरी कुठे सुटले होते?

काही जण हा आजार समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कायद्याचं म्हणाल, तर हा चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे कलम ३७७ पूर्ण लागू होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण न्यायालय मैदानात येत नाही, शाळेच्या बसमध्ये बसत नाही, हजेरी घेत नाही. तिथे आपणच असतो.

म्हणून माझी विनंती अगदी लहान आहे. आपल्या घरात, आपल्या शिकवण्यांत, आपल्या कार्यक्रमांत ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द विनोदापुरतेसुद्धा चालू देऊ नयेत. कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवावं, मुलांसमोर थांबवावं, म्हणजे जो गप्प बसून ऐकतोय त्यालाही ते कळेल. आणि मुलाने काही विचारलंच, तर ‘हे कुठून शिकलास’ असा उलटा दम न देता उत्तर द्यावं.

शेवटी एक सूचना. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दुखवट्यासाठी गावी आलेला तरुण आणि त्याचा लहानपणचा मित्र यांची ती गोष्ट आहे. आपल्याच मातीतली, आपल्याच भाषेतली. पुढच्या अभ्यासवर्गात तो पाहू या, आणि त्या दिवशी आपापल्या आई-वडिलांनाही घेऊन येऊ या.

मला एवढंच बोलायचं होतं. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या चाचांनी मघापासून हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरुवात करू या.