दाराला कुलूप हवेच

मंडळी, रानात जाताना आपण घराला कुलूप लावतो ना? मग इंटरनेटलाही लावू या.

2011 साली सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट म्हणू लागले. आता नांदेड-लातूरकडच्या घरांतही राऊटरची पेटी आली. ती रात्रंदिवस चालू असते. म्हणजे घराला एक दार वाढलंच की!

पेटीला दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, दुसरा पेटीच्या सेटिंगचा. कारखान्यातला पासवर्ड पुष्कळ पेट्यांना एकच असतो. चोरालाही तो ठाऊक असतो. म्हणून आपण दोन्ही बदलून घेऊ. नवा लांब ठेवू. त्यात आपलं नाव, मोबाईल नंबर नको.

आपल्या जोडणीवरून दुसऱ्याने गुन्हा केला, तर चौकशी आधी आपल्याच दारी येते. फसवणुकीत पैसे गेले, तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा.