‘घरी घेऊन जा’ म्हणाले, पुढं काय?

आजचा विषय थोडा जड आहे. घरात कुणी आजारी असेल तर थांबत थांबत ऐका, पण ऐका.

नांदेड-पनवेल गाडी परळीला थांबते ना, तिच्यातल्या लोकांच्या मांडीवरच्या पिशव्या कधी बघितल्यात? स्कॅनची मोठी पाकिटं, प्लास्टिकची फाइल, स्टीलचा डबा. कुणी बार्शीला उतरतं, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला. कुणी पुण्याला. कुणी पनवेलहून पुढं परळला, टाटाला. येताना फाइल जाड झालेली असते आणि सोबत एक वाक्य आलेलं असतं: “आता घरी घेऊन जा, सेवा करा.”

सेवा करा म्हणजे नेमकं काय करा? माझ्या मोठ्या काकांच्या वेळी हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांना होता. मी पुण्यात लॅपटॉपसमोर, काकू परळीत त्यांच्या उशाशी. उत्तर असतं, आणि त्याचं एक पूर्ण शास्त्र आहे. नाव जरा अवघड आहे, पॅलिएटिव्ह केअर. आजार बरा होवो न होवो, माणसाचा त्रास कमी करायचा आणि घरच्यांना आधार द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

सिसिली साँडर्स नावाच्या बाई होत्या. आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर. त्यांनी १९६७ला लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. त्यांचं म्हणणं असं की दुखणं फक्त अंगाचं नसतं. पैशाचं असतं, पोरीच्या लग्नाचं असतं, ‘माझ्याच नशिबी का’ हेही असतं. गोळी एकाच दुखण्याला लागू पडते, बाकीची तशीच राहतात. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ला मुंबईत, वांद्र्याला सुरू झालं, शांती अवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथं पेशंटसोबत घरचं माणूसही राहतं आणि पैसे घेत नाहीत.

आता मॉर्फिन. नाव काढलं की आपल्याकडं दोनच गोष्टी डोक्यात येतात: नशा, नाहीतर शेवट. दोन्ही चूक. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर तोंडानं घ्यायची साधी, स्वस्त गोळी आहे ती. डॉक्टर थोड्या डोसपासून सुरू करतात आणि दुखण्याच्या मापानं वाढवतात. तशी घेतली तर माणूस व्यसनी होत नाही, आणि तिनं मरण लवकर येत नाही. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दुखल्यावर नाही, घड्याळ बघून घ्यायची. इथं आपल्या मोबाइलचा उपयोग आहे बघा. चार-चार तासांचे अलार्म लावा आणि दुखणं शून्य ते दहापैकी किती, हे विचारून नोटमध्ये लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरला ‘लई दुखतंय’ सांगण्याऐवजी ती नोट दाखवा. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागा, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच.

ही गोळी गल्लीतल्या मेडिकलवर मिळत नाही. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानं परवान्यांची इतकी गुंतागुंत केली की अफू पिकवणाऱ्या आपल्याच देशात दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ला कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवता येते. तरी बऱ्याच ठिकाणी ती नसते. मला याचा राग येतो, खरं सांगतो.

पण सगळं औषधांवरच अडत नाही. आपल्या भागात तंबाखू-गुटख्यामुळं तोंडाचा कॅन्सर किती, ते सांगायला नको. गालावर जखम होते, वास येतो. मग नातवंडं जवळ येत नाहीत, सोयरे दारातूनच विचारपूस करतात, आणि माणूस स्वतःच टॉवेल तोंडावर ओढून भिंतीकडं वळतो. त्या वासाला इलाज आहे. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक करून जखमेवर भुरभुरायला सांगतात, फार स्वस्त असते. किती आणि कशी, ते नर्सकडून शिकून घ्या. वास गेला की नातू परत खाटेवर येऊन बसतो. मला विचाराल तर पॅलिएटिव्ह केअर कळायला एवढं एक उदाहरण पुरे.

बाकीचं भराभर सांगतो. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा. दम लागत असेल तर उशाला आधार देऊन बसवा, तोंडावर पंख्याचं वारं येऊ द्या. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मरते, तेव्हा वरण-भात बळंच भरवू नका, ठसका लागून घास श्वासनळीत जातो. ओठ ओले ठेवा. शेजारीण ‘काही खाल्लं का?’ विचारणारच, विचारू द्या.

आणि ते “त्यांना सांगू नका”! सगळं घर कुजबुजतं आणि पेशंटला केव्हाच कळलेलं असतं. बीडकडची पोरं ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात. बापाला खरं माहीत असेल तर तो म्हणू शकतो, पोराला आधी बोलावून घ्या.

ही सेवा शेवटच्या आठवड्यासाठीच राखून ठेवायची नसते. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास झाला, २०१०ला छापून आला. ज्यांना उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. म्हणजे केमो चालू असतानाच विचारायचं. कुठं? बीडच्या सिव्हिलला, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला, आणि गावच्या आशाताईंना. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या बारा सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर लिहिलेली आहे. यादीत आहे म्हणून मिळेलच असं नाही, पण कुणी मागितलंच नाही तर नक्की मिळणार नाही.

पुण्या-मुंबईत बसलेल्यांनी काय करायचं? ‘बाबा कसे आहेत’ एवढं विचारून फोन ठेवू नका. ‘काकू, तू जेवलीस का, रात्री झोपलीस का’ हेही विचारा. महिन्यातून दोन रात्री जाऊन जागा, म्हणजे ती झोपेल.

माणूस गेल्यावरही हे काम संपत नाही. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी रिकामं. चांगल्या टीमचा फोन तेव्हा येतो. टीम नसेल तर तुम्ही करा. आणि कपाटात उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कुणाला देऊ नका, फेकूही नका, जिथून आणल्या तिथं परत नेऊन द्या.