पाच इंद्रिये, पाच रंग : बालकांचे घरगुती खेळ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पुनावळे येथे झालेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पुनावळे हे पवनेकाठचे शेतीचे गाव. सन 1997 मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पुढे हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे येथील शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत वाढणाऱ्या बालकाला सुखसोयींची उणीव नाही. उणीव आहे ती अंगणाची. माती, पाणी, वाळू, पाने, बिया या गोष्टी पूर्वी मुलाच्या हाती आपोआप येत असत. आज त्या हेतुपुरस्सर द्याव्या लागतात. न दिल्यास त्या हातांत मोबाईल येतो, आणि जेवणाचा घासही त्याच्याशिवाय उतरत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना बसून पडदा दाखवणे योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी तो दिवसाकाठी एक तासाहून अधिक असू नये. परंतु केवळ निषेध करून भागत नाही. मोबाईल काढून घेतल्यावर त्या हातांत काय द्यावे, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करताना जैन कुटुंबांना दूर जाण्याचे कारण नाही. जीवांचे वर्गीकरणच मुळी इंद्रियांच्या आधारे करणारे हे दर्शन आहे. स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र या क्रमात पहिले स्थान स्पर्शाचे आहे. एकेंद्रिय जीवालाही तो आहेच. पुद्गलाचे गुण सांगताना आठ स्पर्श, पाच रस, दोन गंध आणि पाच वर्ण असे वीस भेद मोजले जातात. पडद्यावर कापूस दाखवला काय किंवा दगड दाखवला काय, बोटाला लागते ती एकच गुळगुळीत काच. आठ स्पर्शांतील भेद तेथे जाणवत नाहीत.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. इंद्रियांचा संयम शिकवणाऱ्या परंपरेने बालकाची इंद्रिये अधिक चेतवावीत काय? याचे उत्तर असे की, न वापरलेले इंद्रिय म्हणजे जिंकलेले इंद्रिय नव्हे. रंगांच्या झगमगाटात तासन्‌तास गुंतलेले बालक संयमी नसून परवश असते. याउलट, डोळे मिटून दोन वस्तूंमधील फरक बोटांनी ओळखणारे बालक थांबायला, लक्ष द्यायला आणि भेद जाणायला शिकते. विवेकाची ही पहिली पायरी होय.

शिक्षणशास्त्रानेही हाच मार्ग दाखवला आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले आणि इंद्रियशिक्षणाची साधने सिद्ध केली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी ती पद्धत भारतीय वातावरणात रुजवली. 1923 मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. पुढे 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेले. विदेशी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती हीच तेथील साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ताराबाईंचे हे कार्य सदनिकांतील पालकांना आज एवढेच सांगते की, बालकाच्या खेळाला बाजाराची गरज नाही.

घरी करता येण्याजोगे काही खेळ असे :

आठ स्पर्शांची पिशवी. एका सुती पिशवीत कापूस (हलका), नदीतला गोटा (जड), जुन्या धुवट साडीचा तुकडा (मृदू), लाकडी ठोकळा (कठोर), नारळाची शेंडी (रुक्ष) आणि तेलाचा हात फिरवलेली वाटी (स्निग्ध) ठेवावी. शीत व उष्ण यांसाठी माठातील पाण्याने ओलावलेला रुमाल आणि कोमट पाण्याचा पेला वेगळा द्यावा. रेशीम व चामडे टाळावे. मुलाने डोळे मिटून वस्तू ओळखावी आणि शब्द सांगावा. खरबरीत, भुसभुशीत, लिबलिबीत हे शब्द पुस्तकातून नव्हे, बोटांतून येतात.

पाच वर्णांचे रंग. कोळशाच्या पुडीपासून काळा, गोकर्णाच्या फुलांपासून निळा, कोकमापासून तांबडा, हळदीपासून पिवळा आणि तांदळाच्या पिठीपासून पांढरा रंग मिळतो. बीट किंवा गाजर यांची आवश्यकताच पडत नाही. फुले तोडू नयेत. गळून पडलेली वेचावीत, हाही एक खेळच आहे. गोकर्णाचा रंग उकळलेल्या पाण्यात उत्तम उतरतो. ते पूर्ण निवल्यावरच मुलाला द्यावे. त्यात लिंबाचे थेंब पडताच निळ्याचे जांभळे होते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ते तांबूस होते आणि पुरेसे लिंबू पिळल्यास पुन्हा पिवळे होते. चुन्यानेही असेच घडते, परंतु चुना त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने तो मुलांजवळ आणू नये. होळीचे बाजारी रंगही वापरू नयेत.

मळण्याचे खेळ. पोळ्या करताना कणकेचा एक छोटा गोळा मुलाला देणे, हा सर्वांत जुना आणि निर्धोक खेळ आहे. खेळून झाल्यावर तो गोळा स्वच्छ राहिला असल्यास भाजून गाईला घालता येतो. मोठ्या मुलांसाठी शाडूची माती उत्तम. वाळली तरी भिजवून पुन्हा उपयोगात येते. जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यात वरील रंग मिसळूनही रंगीत गोळे करता येतात. थापणे, वळणे, चिमटे काढणे यांमुळे बोटांच्या स्नायूंना जे बळ येते, तेच पुढे पेन्सिल धरताना कामी येते.

धान्याविषयी ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप रास्त आहे. तांदूळ रंगवून तो फेकून देणे हा अन्नाचा अवमान होय. रंगवायचे असल्यास चाळलेली वाळू किंवा चिंचोके घ्यावेत. धान्यच हवे असल्यास मूठभर ज्वारी न रंगवता द्यावी, ती आधी निवडून कीड नसल्याची खात्री करावी, आणि खेळानंतर पक्ष्यांना घालावी. मंदिरात पाटावर तांदळाचा स्वस्तिक रेखताना आजीच्या बोटांची चिमूट पाहणाऱ्या नातवाला हा आदर वेगळा शिकवावा लागत नाही. पाणीही गाळलेले, मोजके वापरावे आणि उरलेले साधे पाणी कुंडीला घालावे. ओले मिश्रण त्याच दिवशी संपेल इतकेच करावे.

सुरक्षिततेचे नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. तीन वर्षांखालील मुलाला चिंचोके, मणी, कडधान्य असे काहीही देऊ नये. ते घशात, नाकात किंवा कानात अडकते. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि मूल पाण्याजवळ क्षणभरही एकटे नसावे. बादलीतील थोडेसे पाणीही जीवघेणे ठरू शकते.

नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी रोज अर्धा तास पुरेसा आहे, आणि तो आजी-आजोबांनीही द्यावा. मारवाडी, गुजराती, मराठी, जी घरची भाषा असेल तीत बोलत द्यावा. फरशीवर जुनी चादर अंथरावी आणि हळदीच्या डागांबद्दल मुलाला रागावू नये.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या ट्रस्टपुढे या निमित्ताने एक सूचना ठेवावीशी वाटते. रविवारच्या पाठशाळेत सूत्रपठणापूर्वी अर्धा तास बालकांच्या हातांसाठी राखून ठेवावा. त्यासाठी देणगीची पावती फाडण्याची गरज नाही. प्रत्येक घरातून एक सुती पिशवी, एक गोटा आणि नारळाची एक शेंडी आली तरी आरंभ होऊ शकेल. वीस भेद पाठ करणारे मूल त्यांतले आठ स्पर्श स्वतःच्या बोटांनी जाणेल, तर पाठांतरालाही अर्थ येईल.